खाडीचे पाणी शिनाण्यांसाठी द्यायचे, तर मानशीसारखी पावणी नको

मा. संपादक,

किनारी मत्स्यशेती प्राधिकरणाचा २००५ चा कायदा बरीच वर्षे मुख्यतः कोळंबीच्या तळ्यांपुरताच ओळखला जायचा. २०२३ च्या दुरुस्तीने त्याच्या कक्षेत पिंजऱ्यातील मासे, समुद्री शेवाळ आणि शिंपल्यांची शेतीही आली. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत शिंपलेशेतीच्या खर्चावर ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लाभार्थींना ६० टक्के अर्थसाहाय्य आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा घटनेनुसार राज्याचा विषय. त्यामुळे शिनाण्या, कालवे अशा शिंपल्यांच्या शेतीसाठी खाडीमुखातला पाण्याचा तुकडा कोणाला, किती काळ आणि कोणत्या अटींवर द्यायचा, हे गोव्यालाच ठरवायचे आहे. धोरणाचे शब्द काहीही असोत, शेवटी भाडेपट्ट्याच्या कागदावर जे लिहिले जाईल तेच पाण्यात दिसणार. म्हणून त्या कागदाविषयी हे पत्र.

आमचे म्हणणे थोडक्यात असे: दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, करून सर्वांत जास्त बोली लावणाऱ्याला पाणी देऊ नये. पाणी तपासून, लहान तुकड्यांत, पुरेशा मुदतीने आणि त्याच खाडीत आज तिसऱ्या-कालवे असे शिंपले काढणाऱ्यांना प्राधान्य देऊन ते द्यावे.

पावणीचा अनुभव गोव्याला नवा नाही. खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींच्या, मानशीची (पाण्याच्या दाराची) पावणी गावोगावी होते. मूळ व्यवस्थेत मानशीचे दार भरतीच्या दाबाने मिटते, ओहोटीला उघडते. शेत खाऱ्या पाण्यापासून राखायचे आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यावर जाळे लावून मासळी धरायची, असा तो मेळ. पण पावणी घेणाऱ्याला वर्षभरात पैसे वसूल करायचे असतात. जास्त मासळी हवी तर भरतीचे पाणी जास्त आत घ्यावे लागते. मग दार नको तेव्हा उघडे राहते, पाण्याचा जोर वाढतो, बांधाचा पायथा धुपतो, शेतात खार चढते. बांध फुटला की दुरुस्ती गावाच्या गळ्यात. पावणी घेणारा तोवर बदललेला असतो. माणसे वाईट असतात म्हणून हे घडत नाही. एका वर्षाची मुदत आणि सर्वांत मोठी बोली एकत्र आली की पुढच्या वर्षाचा विचार करणे कोणालाच परवडत नाही.

शिनाण्यांच्या शेतीत हेच घडायला पाण्याखाली वाव जास्त, कारण तिथे वरून काहीच दिसत नाही. बोलीचे पैसे वसूल करण्यासाठी दोर दाटीने टांगले जातील, खडकांवरचे बी, म्हणजे शिनाण्यांची पिल्ले, खरवडून आणले जाईल आणि हंगाम संपल्यावर बांबूचे बुंधे नि नायलॉनचे तुकडे खाडीत सोडून दिले जातील.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ, कारण मुदतीचा प्रश्न इथेच सुटतो. हिरव्या शिनाणीचे बी पावसाळा ओसरल्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर बसते. नोव्हेंबरच्या सुमारास ते १५ ते २५ मिलिमीटरचे झाले की दोरावर चढवण्याजोगे होते. १२ ते १४ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर घेतात, त्याभोवती मीटरला एक ते दीड किलो या हिशेबाने बी सारखे पसरतात आणि वरून मच्छरदाणीच्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून शिवतात. कापड सुतीच हवे. पाण्यात ते काही दिवसांत कुजून गळते आणि तोवर शिनाण्यांनी आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. स्वस्त मिळते म्हणून नायलॉनची जाळी शिवली तर ती कुजत नाही. बी आतच गुदमरते किंवा जाळीलाच चिकटते, आणि पुढे जाळी फाटली की घोसच्या घोस तळाशी जातात. कापड सैल शिवले तर बी खालच्या टोकाला गोळा होते. वरचा दोर मोकळा आणि खाली गड्डा. गड्ड्यातल्या शिनाण्यांपर्यंत अन्न पोचत नाही. त्या वाढत नाहीत आणि वजनाने सुटून पडतात.

उथळ खाडीत बांबूचा किंवा सुरूच्या खांबांचा पाच मीटर बाय पाच मीटरचा मांडव घालतात. दोरांत अर्ध्या मीटरचे अंतर ठेवले तर एका मांडवात एक-एक मीटरचे शंभर दोर बसतात. बी लागते १०० ते १५० किलो. जागा चांगली असेल आणि काम नीट झाले असेल तर मीटरमागे दहा-बारा किलो शिनाण्या निघतात, म्हणजे मांडवामागे कवचासकट साधारण एक टन. उधाणाच्या ओहोटीलाही दोराचे खालचे टोक तळापासून वर राहिले पाहिजे. तळाला टेकले की कुर्ल्या दोरावर चढतात आणि कोवळी कवचे फोडून खातात, शिवाय चिखल बसतो तो वेगळा. म्हणून जागेची खोली नकाशावरून धरू नये. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या सर्वांत खालच्या ओहोटीला तिथे काठी बुडवून ती मोजावी. मोकळ्या, खोल पाण्यात मांडवाऐवजी तराफा किंवा बोयांना बांधलेला लांब दोर लागतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या पाण्यात तराफ्यावर शिनाण्या वाढवण्याचे प्रयोग १९७० च्या दशकातच करून दाखवले होते. शिनाणी इथे वाढते की नाही, हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे.

पाच महिन्यांत शिनाणी ७० ते ८० मिलिमीटरची होते. मे महिन्याच्या मध्यापर्यंत ती बाहेर निघालीच पाहिजे. मांडवी-जुवारीच्या मुखाशी उन्हाळ्यात पाण्याची क्षारता हजारी तीसच्या वर असते, ती पहिल्या मोठ्या पावसानंतर झरझर खाली येते. हजारी वीसच्या खाली शिनाणीला ते सोसत नाही. ती कवच मिटून बसते, आणि गोडे पाणी हटले नाही तर काही दिवसांत मरते. पावसाचे पाणी हलके असल्याने ते वरच्या थरात तरंगते. पृष्ठभागावरचा एकच थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (क्षारता मोजायच्या उपकरणावर) ठेवून आकडा लिहिला तर तो फसवतो. अर्ध्या मीटरवरचे आणि दीड मीटरवरचे पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत घेऊन दोन्ही मोजावे लागते, आणि तेही ओहोटीच्या शेवटी, जेव्हा नदीचे पाणी सर्वांत पुढे आलेले असते.

या वेळापत्रकात परवाना जानेवारीत हाती पडला तर त्याचा काही उपयोग नाही. बी मोठे होऊन गेलेले असते, आणि उशिरा टांगलेली शिनाणी पावसापर्यंत अर्धीच वाढते. म्हणून अर्ज मे अखेरीपर्यंत, हरकती जुलैत आणि परवाना ३० सप्टेंबरच्या आत, हे नियमातच लिहावे. एकाच अर्जासाठी मत्स्योद्योग खाते, बंदर कप्तान, गोवा किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण आणि पंचायत अशा चार दारी जायला लागले, तर कोणाचाही परवाना सप्टेंबरात निघणार नाही. मांडवी, जुवारी, शापोरा, म्हापसा, साळ आणि कुंभारजुवे कालवा हे सहाही जलमार्ग २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग झालेले आहेत. तिथे तर केंद्राचाही संबंध येतो. यावर एकच उपाय आहे. सरकारने आधी स्वतः सर्व संमती घेऊन पट्टे आखावेत आणि नंतर आखलेल्या पट्ट्यातले तुकडे द्यावेत. प्रत्येक अर्जदाराने स्वतंत्रपणे संमती गोळा कराव्यात, ही अपेक्षा चुकीची आहे.

कालवांचे गणित निराळे. जुनी कालवांची कवचे भोक पाडून दोरात ओवून टांगतात, मीटरला पाच-सहा. पिल्ले त्यांवर बसतात. कवचे फार आधी टांगली तर त्यांवर गाळ आणि इतर चिकटणारे जीव जागा अडवतात. पिल्लांना बसायला स्वच्छ पृष्ठभागच उरत नाही. कालव कमी क्षारतेतही तगते, पण खाण्याजोगे व्हायला सात ते दहा महिने लागतात, म्हणजे मध्ये पावसाळा येऊ शकतो. शिनाण्यांसाठी हंगामी आणि कालवांसाठी सबंध वर्षाची मुदत लागते. दोन्हींना एकच नमुन्याचा करारनामा चालणार नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याची तपासणी, आणि ती भाडेपट्ट्याच्या आधी. शिंपले पाणी गाळून खातात. एक मोठी शिनाणी तासाला काही लिटर पाणी गाळते आणि त्यातले जंतू आपल्यात साठवते. पाण्यात मैला असेल तर तो थेट ताटात येतो. युरोपात म्हणून जागेचेच वर्ग पाडतात. शंभर ग्रॅम मांसात ई-कोलाय या मैल्यातल्या जंतूंची संख्या २३० पर्यंत असेल तर माल थेट विकता येतो. ४,६०० पर्यंत असेल तर शुद्धीकरण करून. ४६,००० पर्यंत असेल तर दीर्घकाळ स्वच्छ पाण्यात हलवून किंवा उष्णतेची प्रक्रिया करून. त्यावर असेल तर त्या जागेतून काढायचेच नाही. मोजमाप पाण्याचे नाही, मांसाचे असते, हे लक्षात घ्यावे. आपल्याकडेही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या किनारी पाण्याच्या वर्गवारीत शिंपले आणि मत्स्यशेतीसाठी सर्वांत वरचा वर्ग ठेवलेला आहे. त्याच मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत साळ नदीचा खारेबांध ते मोबोर हा भाग आहे. तिथे सांडपाणी थांबल्याशिवाय एकही मांडव उभा राहू नये.

तपासणी एकदाच करून भागत नाही. ओहोटीला, पर्यटन ऐन भरात असताना आणि मोठ्या पावसानंतर असे नमुने वर्षभर घ्यावे लागतात. अवकाळी पाऊस झाला की काही दिवस काढणी बंद, हा नियम करारातच हवा. शुद्धीकरण म्हणजे अतिनील किरणांनी निर्जंतुक केलेल्या वाहत्या खाऱ्या पाण्यात शिंपले किमान एक दिवस-रात्र ठेवणे. जिवाणूंचा भार त्याने कमी होतो, पण काही सूक्ष्म वनस्पतींपासून येणारे विष त्याने जात नाही. शिजवूनही जात नाही. केरळात विळिंजम येथे १९९७ साली अशा विषबाधेत सात जणांचा मृत्यू झाला. पाण्याचा रंग बदलला किंवा मासे मरून वर आले तर विक्री थांबवण्याचा आदेश कोण, किती तासांत देणार, त्याचे पद करारनाम्यात लिहिलेले असावे. ही तपासणी लहान शेतकऱ्याच्या माथी मारता येणार नाही. ती सरकारने करावी आणि निकाल पंचायतीच्या फलकावर लावावेत.

मुदत आणि आकार याबाबत अमेरिकेतल्या मेन राज्याची पायऱ्यांची पद्धत विचारात घेण्यासारखी आहे. तिथे पहिला परवाना फक्त ४०० चौरस फुटांचा आणि एका वर्षाचा. त्यानंतर चार एकरांपर्यंत तीन वर्षांचा प्रायोगिक पट्टा, आणि शेवटी वीस वर्षांपर्यंतचा. पट्टा देताना बोली पाहत नाहीत. काठच्या लोकांची ये-जा अडते का, होड्यांची वाट अडते का, चालू मासेमारीला बाधा येते का, जिवंत अधिवासाला इजा होते का, हे पाहतात. त्याच देशातल्या ऱ्होड आयलंड राज्याने तर किनारी सरोवरांत शेतीखालच्या क्षेत्राला पाच टक्क्यांची मर्यादा घातलेली आहे. आपल्या खाड्या अरुंद आहेत. आकारमान तिथले घेऊ नये, पायऱ्या मात्र घ्याव्यात. पहिल्या हंगामी परवान्यात दोन मांडव, नीट केल्यास तीन वर्षांसाठी पाच-सहा, आणि पुढे दहा वर्षांचा पट्टा. प्रत्येक खाडीत एकूण क्षेत्राची कमाल मर्यादा आधीच जाहीर असावी. पट्टा दुसऱ्याला विकता येऊ नये, पोटभाड्याने देता येऊ नये, आणि सबंध हंगाम रिकामा ठेवल्यास तो आपोआप रद्द व्हावा. नाहीतर शेती न करता पाणी अडवून बसणारे पुढे येतील.

हरकतींसाठी वर्तमानपत्रातली नोटीस पुरत नाही. खुंट ठोकून जाळी लावणारा, गरी टाकणारा, रापणीची होडी नेणारा पाण्यावर असतो. प्रस्तावित तुकड्याच्या चारही कोपऱ्यांवर निशाण लावलेल्या काठ्या पंधरा दिवस उभ्या ठेवाव्यात. कोणती वाट अडते ते त्या पंधरा दिवसांत कळते. सांगोड उत्सवाची होडी कुठून जाते, विसर्जन कुठे होते, हेही तेव्हाच समोर येईल. पट्टा मंजूर झाला की कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश कागदावर, पाण्यात पिवळे बोये, रात्री दिवा आणि प्रत्येक बोयावर परवान्याचा क्रमांक. पट्टा वरच्या पाण्याचा असावा, तळाचा नव्हे. मांडवांच्या मधून होडी जाईल एवढी वाट सोडावी.

अनामत रकमेबद्दल कडक असावे. बांबू एका हंगामात पोखरला जातो. लाकूड खाणारे समुद्री किडे त्याचा पाण्याखालचा भाग चाळण करून टाकतात. ३१ मेपर्यंत शिनाण्यांच्या मांडवांचे सर्व खांब उपटून काढायचे, कापून नव्हे. कापलेला बुंधा ओहोटीच्या पाण्याखाली टोकदार राहतो आणि पहिली होडी किंवा पहिले जाळे त्यावर फाटते. अनामत परत करण्यापूर्वी उधाणाच्या ओहोटीला मत्स्योद्योग खात्याचा माणूस आणि गावचा एक मच्छीमार यांनी जागेवर जाऊन पंचनामा करावा.

बियाबद्दल दोन अटी टाळता येणार नाहीत. पहिली, खडकावरचे बी सगळे खरवडू नये. खडकांचे भाग पाडून आलटून-पालटून घ्यावे आणि मोठ्या शिनाण्या काढणाऱ्यांचे खडक वगळावेत. दुसरी, परराज्यातून बी आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या मायटेला नावाच्या शिंपल्याने केरळच्या खाऱ्या सरोवरांत कालवांची जागा व्यापली आहे. बियाच्या एका पोत्यात तो सहज येऊ शकतो, आणि एकदा आला की काढता येत नाही. जिथे तिसऱ्या आणि खुब्यांचे नैसर्गिक थर आहेत, तिथे भाडेपट्टा देऊच नये. ते थर आज सर्वांना खुले आहेत आणि तसेच राहावेत. चिखलीच्या उपसागरात, गोव्यात पूर्वी खिडक्यांना लावत ते पातळ, पारदर्शक शिंपले तळाच्या चिखलात वाढतात. तिथे तळ उकरणारे कोणतेही काम नको.

राहिले ते कोणाला द्यायचे. ओहोटीला कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बहुतेक बाया आहेत. त्यांच्या नावावर होडी नाही, जाळे नाही. मच्छीमार असल्याचा पुरावा म्हणून होडीची नोंदणी मागितली, तर पहिल्याच टेबलावर त्या बाद होतात आणि ६० टक्के साहाय्य कागदावरच राहते. त्यांच्यासाठी पंचायतीचा दाखला किंवा बचत गटाची नोंदणी पुरेशी मानावी. गटाला पट्टा दिला तर बी गोळा करणे, दोर शिवणे, राखण आणि विक्री वाटून घेता येते. दोर शिवायला एका दिवसात अनेक हात लागतात, कारण ओल्या गोणपाटात आणलेले बी फार वेळ पाण्याबाहेर टिकत नाही. काढणी एकदम झाली तर बाजारात भाव पडतो. म्हणून गटांनी टांगणी आठवड्या-आठवड्याच्या अंतराने करावी. तशी मुभा परवान्यात हवी.

मत्स्योद्योग खात्याकडे आमची पहिली मागणी भाडेपट्ट्याची नाहीच. येत्या ऑक्टोबरपासून तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण आणि गालजीबाग या सात नद्यांच्या मुखांशी जागा ठरवून दर पंधरवड्याला पाण्याचे आणि शिंपल्यांच्या मांसाचे नमुने घ्यावेत आणि बारा महिन्यांचे आकडे जाहीर करावेत. त्यात जी मुखे स्वच्छ ठरतील त्यांचे पट्टे आखावेत आणि त्यानंतरच अर्ज मागवावेत.

आपले,
खाडीतील शिंपलेशेती आणि मासेमारीशी निगडित काही वाचक,
तिसवाडी, मुरगाव व काणकोण